लाइन हाती आली, आता पुढे?

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागलात की नदीनाका ओलांडल्यावर शेलार येतं. सकाळी सातच्या सुमाराला इथे डबे घेतलेल्या बायका रिक्षाची वाट बघत उभ्या असतात. काही जणी मीठपाड्याकडच्या कारखान्यांत कांडी भरायला, ताके तपासायला, घड्या घालायला जातात. काही मानकोली, वळ, पूर्णा, दापोड्याच्या गोदामांत पॅकिंगला. अलीकडे यांतल्या काही जणींच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर नावाखाली आणखी एक ओळ आली आहे: लाइन लीडर, शिफ्ट सुपरवायझर.

ही ओळ आली की तिच्यामागून प्रश्न येतात, आणि ते जवळजवळ सगळ्यांचे सारखेच असतात. ‘कालपर्यंत माझ्या शेजारी उभी राहून टेप लावणारी आज माझं ऐकत नाही.’ ‘पद दिलं, पगार तोच ठेवला.’ ‘हमाल मला विचारत नाहीत, थेट साहेबांकडे जातात.’ ‘मी आवाज चढवायला शिकू का?’

आवाज, आत्मविश्वास, व्यक्तिमत्त्व यांवर सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. मी पाहिलेल्या ज्या बायकांची लाइन खरंच चांगली चालते, त्यांतल्या काही अगदी हळू बोलणाऱ्या आहेत. त्या सगळ्यांमध्ये सारखी असलेली गोष्ट एकच: त्यांचं कामाचं वाटप उघड्यावर असतं. कोणाला कुठलं टेबल, कोणाकडे जड खोकी, कोणाला कधी सुट्टी, हे कोणापासून लपलेलं नसतं. म्हणून या लेखातला बराचसा भाग वाटपाभोवतीच फिरणार आहे.

हो म्हणण्याआधी कागद मागा

बढती बहुतेक वेळा चहा पिता पिता मिळते. ‘उद्यापासून ही लाइन तुम्ही बघा, ताई.’ आनंद होतो, आपण मान डोलावतो आणि तिथेच फसतो. तोंडी मिळालेलं पद तोंडीच काढूनही घेता येतं. त्या दिवशी नाही तर त्या आठवड्यात तरी पत्र मागा. पत्रात एवढं असायला हवं:

- पदाचं नाव, कधीपासून, आणि तुम्ही कोणाला जबाबदार आहात.
- तुमच्या हाताखाली किती माणसं आणि कुठला विभाग.
- नवा पगार. ‘तीन महिन्यांनी बघू’ असेल तर ती तारीखसुद्धा.
- कुठले निर्णय तुमचे: टेबल बदलणं, जादा तासांसाठी नावं देणं, रजेची शिफारस, खराब माल थांबवणं.
- पत्र देणारा कोण, कंपनी की ठेकेदार.

शेवटचा मुद्दा सोडू नका. पत्र ठेकेदाराचं असलं तरी त्याने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते. पण तुम्ही कोणाच्या नोकरीत आहात हे आधी कागदावर दिसलं पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. पत्र मागणं हा उद्धटपणा नाही.

समजा, पत्र मिळतच नाही. मग स्वतः एक मेसेज करा: ‘साहेब, आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे उद्यापासून पॅकिंगची लाइन नंबर २ मी सांभाळणार आहे. टेबलांची अदलाबदल आणि जादा तासांची नावं मी ठरवायची, असं आपण सांगितलं. काही चुकलं असेल तर कळवा.’ उत्तर आलं नाही तरी तारखेसह नोंद राहते. तो मेसेज पुसू नका.

पदाबरोबर काय जातं, तेही मोजा

ही गोष्ट फार कमी जणींना सांगितली जाते. औद्योगिक संबंध संहितेत ‘कामगार’ या शब्दातून देखरेखीचं काम करणारे आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेणारे लोक वगळले आहेत. म्हणजे सुपरवायझर होऊन तुमचं वेतन या मर्यादेच्या वर गेलं, तर कामावरून काढण्याबाबत किंवा औद्योगिक वादाबाबत कामगार म्हणून मिळणारं संरक्षण कमी होऊ शकतं. काही ठिकाणी नेमकं याचसाठी पद वाटलं जातं: नाव सुपरवायझरचं, हातात टेप तीच, आणि जादा तासांचा दुप्पट दर बंद.

न्यायालयं अशा वेळी पदाच्या नावाकडे पाहत नाहीत, माणूस रोज खरोखर काय काम करतो ते पाहतात. म्हणून पहिले दोन-तीन महिने एका वहीत दिवसाला दोन ओळी लिहा. किती तास स्वतः पॅकिंग केलं, किती वेळ देखरेख केली. ती वही घरी ठेवा.

दुसरा आकडा २१,००० चा. महिन्याचं वेतन या मर्यादेपलीकडे गेलं की ईएसआयची, म्हणजे राज्य कामगार विम्याची, योजना सुटते, पण लगेच नाही. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च यांपैकी जो वर्गणीचा कालावधी चालू असेल, तो संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. घरात कोणाचे उपचार चालू असतील, किंवा तुम्हाला दिवस गेले असतील, तर पगारवाढीची तारीख ठरवताना हे डोक्यात ठेवा आणि पुढे आरोग्य विम्याची काय सोय असेल ते आधीच विचारा.

यातलं काहीही पद नाकारण्याचं कारण नाही. पद घ्याच. पण मोजून घ्या.

पहिल्या आठवड्यात फक्त फळा

एका गोदामात मी पाहिलेला फळा सांगते. भिंतीला टेकवलेला, दोन हात लांब, पांढरा. डावीकडे आठ नावं, वरती चार कामं: स्कॅनिंग, भरणी, टेप-लेबल, पॅलेटवर चढवणं. पॅलेटचं काम सगळ्यात जड, तिथे कोणी दोन तासांच्या वर नाही. दर दोन तासांनी नावं एक घर पुढे सरकायची. एक नाव मात्र आठवडाभर स्कॅनिंगच्या खाली. कारण फळ्यावर लिहिलेलं नव्हतं, पण लाइनवरच्या प्रत्येकीला माहीत होतं, कारण तिच्या परवानगीने सगळ्यांना विचारून ते ठरलं होतं. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात जादा तासांची यादी होती, मागच्या वेळी कोण थांबलं आणि आता कोणाची पाळी.

त्या लाइन लीडर ताई दिवसभरात मला एकदाही ओरडताना दिसल्या नाहीत. दोन जणींनी कुरकुर केली तेव्हा त्यांनी फळ्याकडे बोट केलं, एवढंच.

पहिल्या आठवड्यात तुम्हाला करायचं आहे ते हेच. नवे नियम आणू नका, कोणाला बदलू नका, उत्पादन वाढवायचं वचन देऊ नका. चार दिवस फक्त बघा: जड काम कायम कोणाच्या वाट्याला येतं, पंख्याखालचं टेबल कायम कोणाचं असतं, जादा तास कोणाला मिळतात आणि कोणाला मागूनही मिळत नाहीत. पाचव्या दिवशी फळा लावा. फळ्याला परवानगी मिळाली नाही तर पुठ्ठ्यावर कागद चिकटवा.

वाटपावर एवढा जोर देण्याला इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रीलिंग या बायकांच्या खात्यांवर देखरेखीला बाईच असायची. तिला नायकीण म्हणत. बाईला कामावर घेणं, काम देणं, बदली लावणं हे बऱ्याच अंशी तिच्या हातात असे. म्हणजे बायकांना गिरणीत अधिकार नव्हता असं नाही, पण त्या अधिकाराचा हिशेब कुठेच मांडलेला नव्हता, आणि त्यातून कामासाठी पैसे घेण्याची चाल पडली. जॉबरांच्या, म्हणजे पुरुष मुकादमांच्या, बरोबरीने नायकिणींबद्दलही तशा तक्रारी होत्या. खात्यावर बाई बसली म्हणून बायकांना आपोआप न्याय मिळतो असं नाही, हे त्या खात्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं.

उलट उदाहरणही मुंबईचंच. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे शाखा चालवणारी संचालिका पापड लाटणाऱ्यांमधूनच येते. प्रतीत न बसणारा पापड परत होतो, आणि तो कोणी लाटला याने त्यात फरक पडत नाही.

वाडीतलं नातं आणि लाइनवरचं नातं

शहरातल्या पुस्तकांत हा प्रश्न सापडत नाही, पण आपल्याकडे हाच सगळ्यात अवघड आहे. शेलारसारख्या गावातून एकीच्या ओळखीने दुसरी कामाला लागते. त्यामुळे तुमच्या लाइनवर तुमची जाऊ असते, शेजारची वहिनी असते, नवऱ्याच्या नात्यातल्या काकू असतात. संध्याकाळी हळदीकुंकवाला त्यांच्याच घरी जायचं असतं. सकाळी त्यांची दहा खोकी चुकीच्या लेबलची निघाली तर?

काही गोष्टी अनुभवाने सांगते.

हाक बदलू नका. काकूंना काकूच म्हणा. पद मिळाल्यावर अचानक नावाने हाक मारली की जखम होते आणि कामाचं काहीच साधत नाही. ‘काकू, आज तुम्ही लेबलवर’ हे वाक्य आदराचंही आहे आणि आज्ञेचंही. मराठीत दोन्ही एकत्र नांदतात, त्याचा उपयोग करा.

चूक सांगायची ती चुकीच्या खोक्याजवळ उभं राहून, खोकं दाखवून, आणि त्याच पाळीत. रिक्षात नाही, नाक्यावर नाही, घरी तर मुळीच नाही. आणि उलटही तितकंच खरं: घरातलं भांडण लाइनवर आणणाऱ्या बाईला तिथेच थांबवा. ‘हे आपण घरी गेल्यावर बोलू’ एवढं पुरतं.

जवळच्या माणसाच्या बाबतीत पहिला कठोर निर्णय लवकर घ्यावा लागतो. जादा तासांच्या यादीत जावेची पाळी नसताना तिने मागितलं आणि तुम्ही दिलं नाही, हे बाकीच्या सात जणी बघतात. त्या दिवशी तुम्ही खऱ्या अर्थाने लाइन लीडर होता. घरी दोन दिवस अबोला राहील. तो सोसा. त्याआधी तिला एकटीला गाठून सांगा की यादी अशी आहे, तुझी पाळी गुरुवारी येते. अपमान टाळता येतो, नकार टाळू नका.

आणि एक. सगळ्यांची मोठी बहीण होऊ नका. बाई प्रमुख झाली की तिने रुसवे काढायचे, डबा विसरलेल्यांना डबा द्यायचा, साहेबांपुढे सगळ्यांच्या चुका पदरात घ्यायच्या, अशी अपेक्षा धरली जाते. माया ठेवा. पण दुसऱ्याच्या चुकीचा आकडा स्वतःच्या नावावर टाकून घेतलात, तर पुढच्या बढतीच्या वेळी कागदावर तुम्हीच कमी दिसाल.

हमाल, ड्रायव्हर आणि ‘सेठ से बात करेंगे’

गाडी लागली आहे, माल चढवायचा क्रम तुम्ही सांगता, आणि समोरचा म्हणतो, ‘मॅडम, सेठ से बात करेंगे.’ इथे वाद घालून हाती काही लागत नाही. हमालांच्या टोळीचा मुकादम असतो, त्याच्याशी पाळी सुरू होताना पाच मिनिटं बोला. गाडीचा नंबर, गेट, आधी कुठला माल, किती वाजेपर्यंत. कागदावर लिहून एक प्रत त्याच्या हातात द्या. माणसांना तो सांगेल, तुम्ही क्रम सांभाळा.

तरीही कोणी साहेबांकडे गेला, तर खरी कसोटी साहेबांची असते. त्यांना आधीच एवढं मागून ठेवा: ‘माझ्या लाइनचं कोणी तुमच्याकडे आलं तर आधी मला विचारायला पाठवा. निर्णय चुकला तर मला बाजूला घेऊन सांगा.’ वरच्याने एकदा जरी सगळ्यांसमोर तुमचा निर्णय फिरवला, तर तुमची सहा महिन्यांची मेहनत वाया जाते. हे त्यांना स्पष्ट सांगायला लाजू नका.

अनेक निर्णय पाळी सुटल्यावर टपरीवर होतात. तिथे तुम्ही नसता, कारण सहाची रिक्षा पकडायची असते. टपरीवर जायची गरज नाही. पाळी सुरू होण्याआधीची दहा मिनिटं मागून घ्या, रोज, ठरलेल्या वेळेला. आणि शिफ्टचा रिपोर्ट स्वतः पाठवा. आकडे तुम्ही काढायचे आणि ते दुसऱ्याच्या नावाने वर जायचे, हे फार ठिकाणी चालतं. रिपोर्टचा तक्ता भरायला संगणकावर शिकावं लागलं तर तेवढं शिकाच.

पाणी न पिणाऱ्या बायका

लाइन हाती आल्यावर तुम्हाला एक गोष्ट दिसेल जी आधीच्या साहेबांना दिसली नव्हती. बायका पाणी पीत नाहीत. बाथरूम लांब असतं, जायला विचारावं लागतं, परत येईपर्यंत टार्गेट मागे पडतं. मग लघवीची जळजळ, मग खाडा.

यावर उपाय साधा आहे: एकीच्या जागी उभी राहणारी एक बदली प्रत्येक दोन तासांत फळ्यावर लिहून ठेवा, म्हणजे विचारायची वेळच येत नाही. बाथरूमला जाण्याची नोंदवही कोणी सुरू करायला सांगितली तर नकार द्या आणि खाड्यांचे आकडे पुढे ठेवा. बाई प्रमुख झाली की अशा गोष्टी पुढे येतात, हे पंचायतींतही दिसलं आहे. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. प्रमुखपद बाईसाठी राखीव असलेल्या पंचायतींत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झालेला त्यांना आढळला. ज्याला जे भोगावं लागतं ते त्याला आधी दिसतं. तुम्हाला दिसलेलं वर पोचवणं हे तुमच्या पदाचंच काम आहे.

हे हक्क स्वतःसाठी आणि लाइनसाठी माहीत हवेत

- समान वेतन. १९७६ च्या समान वेतन कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली आहे. एकाच मालकाकडे सारखं किंवा त्याच प्रकारचं काम असेल तर बाई म्हणून कमी पगार देता येत नाही. शेजारच्या लाइनचा पुरुष सुपरवायझर किती घेतो, हे विचारणं गैर नाही.
- बाळंतपण. आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा. त्या काळात कामावरून काढता येत नाही. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते. रजेवर जाताना तुमचं पद तुमच्या नावावर राहील असं लिहून घ्या.
- तक्रार निवारण समिती. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे ती हवी, तीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान हवेत, आणि बायकांना पुरेसं प्रतिनिधित्व हवं.
- मोफत वकील. उत्पन्न कितीही असो, स्त्रियांना विधी सेवा कायद्याखाली मोफत कायदेशीर मदत मिळते. भिवंडीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे किंवा ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण लाइनवरची मुलगी आधी तुमच्याकडे येणार आहे. ‘ताई, कोणाला सांगू नका’ असं म्हणत येईल. अशा वेळी मध्यस्थी करू नका. त्या माणसाला बोलावून दम देणं, दोघांची टेबलं लांब करून विषय मिटवणं, मुलीला दुसऱ्या पाळीला टाकणं, यात शिक्षा तिलाच होते. तिला २०१३ च्या कायद्यातली वाट सांगा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्या तरी सदस्य बायका आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. तिला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं कर्तव्यच आहे. माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिचं नाव कुठेही फुटता कामा नये, हेही कायद्यातच आहे.

तुम्ही बाई आहात आणि पदावर आहात म्हणून तुमचंच नाव त्या समितीत घातलं जाईल. कधी कधी न विचारता. सही करण्याआधी प्रशिक्षण मागा, आणि बैठक झालेली नसताना झाल्याच्या कागदावर सही करू नका.

रात्रपाळी आणि शेलारचा रस्ता

सणांच्या आधी गोदामांत काम वाढतं, आणि लाइन लीडरला सांगितलं जातं, ‘रात्रीसाठी दहा बायका द्या.’ रात्रपाळीला प्रत्येकीची संमती लागते, आणि तिची सुरक्षितता व जाण्यायेण्याचं वाहन ही मालकाची जबाबदारी आहे. संमती प्रत्येकीकडून वेगवेगळी घ्या, लेखी घ्या, आणि नकार देणारीचं नाव जादा तासांच्या यादीतून कमी करू नका. गाडी कंपनीच्या गेटपासून घराच्या दारापर्यंत हवी. ‘नदीनाक्याला सोडू’ हे चालवून घेऊ नका. शेवटची उतरणारी घरी पोचल्याचा मेसेज येईपर्यंत तुमची पाळी संपली असं समजू नका. अडचणीत ११२ आणि १८१ हे दोन नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये असू द्या.

आणि रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर ते काम गावाचं आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, आणि नियमित ग्रामसभेआधी बायकांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. त्या सभेला लाइनवरच्या सगळ्या जणींना घेऊन जा. अर्जात बंद खांबांची जागा लिहा, पाळी सुटायची वेळ लिहा, रोज त्या वेळेला किती बायका तिथून चालत येतात तो आकडा लिहा. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.